फौजेतून निघालेली जिप्सी: नवे दिवे लावू की जुन्या तारा उपटू?

रानवाटा · शनिवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे फौजेतून निघालेली मारुतीची जिप्सी किंग आहे. कापडी हूड, तेराशे सीसी, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शन). लिलाव, कागदपत्रं, आरटीओच्या फेऱ्या हे सगळं आधीच्या मालकानं निस्तरलं होतं, त्यामुळे त्या बाबतीत मला काही विचारू नका. इंजिन गोड आहे, फोर बाय फोर खटकन पडतो. रडगाणं आहे ते फक्त विजेचं.

डॅशबोर्डखाली हात घातला की तारांचं जंजाळ. अर्ध्या तारा कापून टेप गुंडाळलेल्या. तीन टॉगल स्विच आहेत, एकाचाही कशाशी संबंध नाही. मागच्या सीटजवळ लोखंडी पट्ट्या आहेत, तिथे म्हणे रेडिओ बसायचा. हेडलाइट इतके मिणमिणते, की पसरणीच्या घाटात समोरून गाडी येऊन गेली की पाच सेकंद आपण रस्त्यावर आहोत की दरीत, तेच कळत नाही.

करायचंय एवढंच: हेडलाइट सुधारायचे, पावसाळ्यातल्या धुक्यासाठी बंपरवर दोन एलईडी लावायचे, मागे एक छोटी ट्यूब आणि मोबाइलचं चार्जिंग. शिवाय मागच्या डिफरन्शियलवर (मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) पांढरा रंग आहे आणि त्याच्यावर एक बारकासा दिवा, तोही चालू झाला तर मजा.

मागच्या रविवारी हेडलाइटसाठी ऑनलाइन मागवलेला तयार रिले संच बसवला (रिले म्हणजे बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). 'प्लग लावा आणि विसरा' असं खोक्यावर लिहिलेलं. हेडलाइटचा स्विच ओढला, फट्ट. फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला. शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, "मोठा टाका की." ३०चा टाकला. या वेळी फ्यूज टिकला, पण स्टिअरिंगखालून जळका वास आला. तेव्हा घाबरून बॅटरीची तार काढली ती काढलीच आहे.

आणखी एक. तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी झोपते. बॅटरी नवी आहे.

फोटो जोडलेत.

वाचनमात्र · शनिवार, रात्री ११.४५

फोटो दिसत नाहीयेत.

तारतम्य · रविवार, सकाळी ७.२०

वास येताच बॅटरी सोडवलीत, हे एक काम शंभर टक्के बरोबर केलंत. आता तो ३०चा फ्यूज काढून सरळ पिंपात टाका. फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. तार जेवढा करंट सोसेल त्याच्या आत फ्यूज जळायला हवा. मोठा फ्यूज घातलात म्हणजे तारेलाच फ्यूज केलंत, आणि ती तार तुमच्या गुडघ्यावर आहे. पेटीच्या झाकणावर जो आकडा छापलाय तोच घालायचा. रंगही पाठ करून ठेवा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५, हिरवा ३०.

संच खराब नसावा. मला शंका वेगळीच आहे, पण अंदाजपंचे बोलत नाही. साधा मल्टीमीटर घ्या आणि एवढं करा. संच पूर्ण काढा. दोन्ही हेडलाइटचे तीन पिनांचे प्लग बल्बांवरून काढा. मीटरची काळी तार इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला लावा, स्विच हेडलाइटवर ठेवा आणि एका प्लगच्या तिन्ही पिनांवर व्होल्ट मोजा. आधी डिपर (जवळचा उजेड), मग अप्पर (लांबचा). सहा आकडे इथे लिहा.

आबा_उद्यमनगर · रविवार, सकाळी ९.०५

काय राव, जळका वास आला की बॅटरी सोडवायची एवढी अक्कल निम्म्या गॅरेजवाल्यांना न्हाई. शाब्बास.

माझ्याकडं दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप हाय, वडलांनी घेतलेली. तिचं वायरिंग मूळ ६ व्होल्टचं. बगा, दिवा तेवढ्याच वॅटचा पण व्होल्ट निम्मे, म्हंजे करंट दुप्पट. ४५ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर साडेसात अँपिअर पितो. म्हणून जुन्या तारा करंगळीगत जाड, वर सुती विणीचं आवरण. उंदरांना ते आवरण लय आवडतं. मी शेवटी १२ व्होल्ट केली. स्टार्टर तोच ठेवला, आता नुसता हात लावला की फिरतो. बल्ब, हॉर्न, कॉइल बदलावं लागलं, डॅशबोर्डच्या काट्यांना व्होल्ट कमी करून द्यावे लागले.

त्या जीपची एक गंमत: हेडलाइट बिजागरीवर असतो. नट सैल करून आत उलटा वळवला की उजेड थेट इंजिनावर. रात्री बॉनेट उघडून काम करायला दुसरी बॅटरी नको न् कंदील नको. आजच्या गाडीत हाय का असलं काय?

डर्बीचा_बाळू · रविवार, दुपारी २.३०

आबा, जुन्या जीपच्या मागच्या 'मांजरडोळ्या' दिव्यांचंही सांगा ना. नाहीतर मीच सांगतो. ब्लॅकआउटच्या, म्हणजे शत्रूला उजेड दिसू नये म्हणून झाकलेल्या, दिव्यात बारीक फटींच्या जोड्या असतात. मागच्या चालकाला त्यात चार ठिपके दिसले तर तो ६० फुटांच्या आत आलाय, मागे सरकायला हवं. दोन दिसले तर अंतर बरोबर. एकच दिसला तर तो १८० फुटांच्या पलीकडे गेलाय, गाठायला हवं. ना मीटर, ना सेन्सर, नुसती डोळ्याची मर्यादा वापरून घेतलेली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री अंगणात पुठ्ठ्याला भोकं पाडून बायकोला पळायला लावलं होतं. ती अजून काढते तो विषय.

सुभेदार_निवृत्त · रविवार, सायंकाळी ६.१५

रानवाटा, जय हिंद. माझी सगळी नोकरी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत गेली. बडोद्याच्या शाळेत शिकलो, नंतर फील्ड वर्कशॉपमध्ये गाड्यांचंच वायरिंग. घर साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी गावाजवळच, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही.

डिफरन्शियलवरचा तो दिवा म्हणजे कॉन्व्हॉय लाइट. रात्री काफिला चालतो तेव्हा हेडलाइट, टेल लाइट सगळं बंद. हा बारका दिवा खालच्या पांढऱ्या रंगावर पडतो. मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला तेवढा पांढरा ठिपका दिसतो आणि तो त्या ठिपक्यामागे चालत राहतो. दिवा गाडीच्या पोटाखाली, तोंड खाली, म्हणून वरून विमानाला दिसत नाही. डोंगरात लाइट बंद ठेवून गाडी चालवणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. त्या ठिपक्यावर नजर ठेवून ठेवून डोळ्यांतून पाणी यायचं.

आता कामाचं. कापलेल्या तारांना घाबरू नका. गाडी फौजेतून बाहेर पडताना रेडिओ वगैरे सरकारी सामान काढून घेतात, म्हणून तारा मोकळ्या सुटतात. फौजेनं टाकलेली तार बहुतेक नीट असते. घोटाळा करतो तो नंतरचा मालक. त्याला ती मोकळी तार दिसते, आणि तो म्हणतो, वा, आयती तार मिळाली.

रानवाटा · सोमवार, रात्री १०.०२

सगळ्यांचे आभार. सुभेदारसाहेब, एवढ्या जवळ आहात तर एकदा चहाला यायलाच हवं.

तारतम्य, हे तुमचे सहा आकडे. बॅटरीवर १२.५.
पहिली पिन: डिपरवर १२.४, अप्परवर १२.४.
दुसरी: दोन्हीवर ०.
तिसरी: दोन्हीवर ०.

म्हणजे डिपर-अप्परचा स्विचच गेलाय का? पण प्लग परत बल्बला लावला तर दोन्ही नीट लागतात!

तारतम्य · सोमवार, रात्री १०.४०

स्विच ठणठणीत आहे. शंका होती तेच निघालं.

बहुतेक गाड्यांत बल्बची एक पिन कायम बॉडीला, म्हणजे निगेटिव्हला, आणि स्विच पॉझिटिव्ह पुरवतो. कधी डिपरच्या तारेत, कधी अप्परच्या. तुमच्या गाडीत बरोबर उलटं आहे. पॉझिटिव्ह कायम बल्बपाशी आलेला आहे, तीच तुमची १२.४वाली पिन. स्विच करतो काय, तर डिपरची किंवा अप्परची तार बॉडीला टेकवतो. जुन्या बऱ्याच मारुतींत हीच तऱ्हा आहे. निगेटिव्ह स्विचिंग म्हणतात.

पटत नसेल तर मीटर ओहमवर ठेवा आणि स्विच बंद असताना दुसरी-तिसरी पिन बॉडीशी तपासा. काहीच जोड दिसणार नाही. स्विच डिपरवर घेतलात की त्यातली एक बॉडीशी जोडलेली दिसेल, अप्परवर दुसरी.

तुमचा तयार संच पहिल्या जातीच्या गाडीसाठी बनलेला. त्यानं गृहीत धरलं, की बल्बची सामाईक पिन निगेटिव्ह असणार, म्हणून ती काळ्या तारेनं सरळ बॉडीला ठोकली. तुमच्या गाडीत त्याच पिनवर १२ व्होल्ट. थेट शॉर्ट. फ्यूज बिचारा दोनदा मेला तो त्याचं काम करत मेला.

दुरुस्ती सोपी आहे. संचाच्या प्लगमधून बॉडीला जाणारी ती काळी तार कापा. त्या पिनवरून नवी तार ओढून दोन्ही रिलेंच्या ८६ला द्या, हा झाला पॉझिटिव्ह (८५, ८६, ३०, ८७ हे रिलेच्या पायांवर छापलेले आकडे; ८५-८६ कॉइलचे, ३०-८७ मोठ्या करंटचे). डिपरची तार पहिल्या रिलेच्या ८५ला, अप्परची दुसऱ्याच्या ८५ला. आता स्विच बॉडीला टेकवेल तो त्या त्या रिलेचा कॉइल. दोन्ही रिलेंच्या ३०ला बॅटरीवरून वेगवेगळ्या फ्यूजमधून जाड तार. ८७वरून नवी तार बल्बांना. आणि बल्बांची सामाईक पिन आता नव्या तारेनं बॉडीला, कारण रिलेच्या पुढचं वायरिंग आपलं आहे, तिथे आपल्या मनासारखं. रिलेच्या पोटात डायोड असेल तर ८५-८६ची अदलाबदल चालत नाही, रिलेवर छापलेली आकृती पाहून घ्या.

मुग्धा_म · सोमवार, रात्री ११.२०

फार छान समजावलंत. वाचनखूण साठवली.

यात एक भर. मिणमिणत्या हेडलाइटला रिलेनं खरंच फरक पडेल का, हे आधीच कळू शकतं. इंजिन चालू, डिपर चालू, प्लग बल्बवरच ठेवून मागच्या बाजूनं मीटरच्या सुया घालून बल्बच्या दोन टोकांत व्होल्ट मोजा. मग बॅटरीवर मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे तारांनी आणि स्विचनं वाटेत खाल्लेला भाग.

हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात नाही, तर साधारण साडेतीनच्या घाताच्या आसपास वाढतो-घटतो. ६०/५५ वॅटचा बल्ब १३.२ व्होल्टवर जेवढा उजेड देतो, तोच ११.६वर जेमतेम दोन तृतीयांश देतो. लोक मग चिडून ९०/१०० वॅटचे बल्ब घालतात. त्याच बारक्या तारांतून आणखी करंट, आणखी गळती, वर प्लगचं प्लॅस्टिक वितळतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. शिवाय ते बेकायदेशीर.

रानवाटा · मंगळवार, रात्री ९.३०

मुग्धाताई, मोजलं. बॅटरीवर १४.१, बल्बवर ११.६. तुम्ही माझी गाडी आधी पाहिली होती की काय!

आबा_उद्यमनगर · मंगळवार, रात्री ९.५०

अडीच व्होल्ट! एवढ्यात माझी अर्धी विलिस चालंल.

कलम_बावन्न · बुधवार, दुपारी १२.१५

धाग्यात मिठाचा खडा टाकायला आलो, रागावू नका.

एक: रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. गाडी अजून फौजी हिरवी असेल तर दिव्यांआधी रंगाचं बघा. बाण असलेली जुनी फौजी नंबरपाटी 'शोसाठी'सुद्धा लावू नका.

दोन: बंपर. दिवे लावायला म्हणून लोक बाहेरून पाइपाचा बुलबार ठोकतात. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलेलं आहे. दिवे गाडीच्या मूळ बंपरवरच बसवा.

तीन: लाल, निळा, फिरता, लुकलुकता असं काहीही नको. १ मे २०१७पासून मंत्र्यांच्या गाडीवरचासुद्धा गेला.

चार: जादा एलईडी रस्त्यावर चालू ठेवायचे नाहीत, त्यांच्यावर झाकणं घाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. नुसता दिवा लावल्यानं गाडी जप्त होत नाही, पण अपघात झाला की विम्याचा माणूस आधी असल्याच गोष्टी शोधतो.

रानवाटा · बुधवार, दुपारी १.००

रंग आधीच्या मालकानं बदललाय, गाडी आता पांढरी आहे. हिरवा फक्त पायाखालच्या पत्र्यावर उरलाय. तो चालेल ना? :)

डर्बीचा_बाळू · बुधवार, रात्री ११.५५

धागा माझ्या दुखऱ्या जागेवर आलाच आहे तर माझी फजिती सांगतो. कुणी २४ व्होल्टची फौजी गाडी घेत असेल तर त्यानं वाचावं.

माझ्याकडे ब्रिटिश लष्कराची लँड रोव्हर आहे, सीरिज थ्री लाइटवेट. हेलिकॉप्टरला टांगून नेता यावी म्हणून पत्रे सहज काढून वजन कमी करता येईल अशी बनवलेली. त्यात दोन प्रकार: साधी १२ व्होल्टची, आणि एफएफआर, म्हणजे रेडिओसाठी सज्ज, ती २४ व्होल्टची. माझी दुसरी. दोन सीटच्या मधल्या पेटीत १२च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, आणि रेडिओला पुरावा म्हणून ९० अँपिअरचा दांडगा जनरेटर.

मला हवा होता १२ व्होल्टवर चालणारा गाण्यांचा डबा. मी काय केलं, दोनपैकी खालच्या बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घेतले. डबा वाजला. मी खूश. दोन महिन्यांत वरच्या बॅटरीतलं पाणी आटलं, खालची मेली.

नंतर मोजलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन्हींची बेरीज २८.३, अगदी हवी तेवढी. पण खालची १२.९ आणि वरची १५.४! जनरेटरला फक्त बेरीज दिसते. खालच्या बॅटरीतून डबा करंट पितो, ती रिकामी होते, तिचे व्होल्ट पडतात. बेरीज पूर्ण करायला उरलेले व्होल्ट वरचीच्या डोक्यावर. एक उपाशी, दुसरीला अजीर्ण. आता २४वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवलाय. तो दोन्ही बॅटऱ्यांवरून मिळून घेतो, भांडण मिटलं.

आणि २४ व्होल्टच्या गाडीत १२चा रिले घातलात तर कॉइल जळतो. हेडलाइटचा एच-फोर बल्ब २४चा मिळतो, त्यावर ७५/७० वॅट लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. माझ्या गाडीतला दिव्यांचा स्विच ब्लॅकआउटवर राहिला तर ब्रेक लाइट आणि इंडिकेटर दोन्ही बंद होतात. पहिल्या वार्षिक तपासणीत मी ब्रेक दाबून दाबून दमलो, तपासनीस मागे उभा राहून मान हलवतोय, आणि दोष होता फिरकीच्या एका खाचेचा.

सुभेदार_निवृत्त · गुरुवार, सकाळी ६.१०

रानवाटा, तुमची १२ व्होल्टचीच आहे, एकच बॅटरी, ती काळजी नको. पण बॅटरी तीन दिवसांत झोपते त्याचं कुणी बोलेना. ते आधी शोधा, दिवे मागाहून.

चावी बंद, दरवाजे बंद, आतला दिवा बंद. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. मीटर १० अँपिअरच्या खुंटीवर, एक टोक तारेला, एक बॅटरीला. मीटर असा लावलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरच जाईल. काटा ०.०५च्या आसपास असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या वाटेवर चोर.

रानवाटा · शुक्रवार, रात्री ११.४०

चोर सापडला!! पण शोधायला रात्र गेली.

मीटरवर ०.३८ अँपिअर. हिशोब केला, दिवसाला नऊ अँपिअर-तास, तीन दिवसांत सत्तावीस. बॅटरी छोटी आहे माझी, झोपणारच. एकेक करून सगळे फ्यूज काढले. आकडा हलेना. शेवटी सगळी पेटी रिकामी आणि मीटर तसाच ०.३८! मला वाटलं मीटर बिघडला.

मग सुभेदारसाहेबांना फोन केला (नंबर दिल्याबद्दल आभार). ते म्हणाले, "फ्यूज काढून आकडा हलत नाही म्हणजे तार फ्यूजमधून जातच नाही. बॅटरीच्या टोकावर किती तारा आहेत ते मोज." तीन होत्या. तिसरी लाल, ग्रीसनं काळी झालेली, पत्र्याच्या कडेला घासत आत शिरलेली. ना रबरी बूच, ना फ्यूज. सीटखालून मागे, रेडिओच्या पट्ट्यांपर्यंत. तिथे कुणीतरी भलामोठा रिले बसवलाय, त्याचा कॉइल कायम ओढलेला. हात लावला तर कोमट! त्याच्यापुढे काहीच नाही, दोन मोकळी टोकं, टेप लावलेली. बहुधा कुणीतरी मागे मोठा स्पीकर लावला असणार.

पत्र्याच्या कडेला तारेचं आवरण अर्धं कापलं गेलं होतं. आणखी एक उन्हाळा गेला असता तर बॅटरीचा सगळा जोर थेट पत्र्यात.

तारतम्य · शनिवार, सकाळी ७.४५

त्या तारेचा फोटो टाका. नवीन पोरांना दाखवायला हवा.

आता नव्या तारा टाकताना चार गोष्टी. पहिला फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. त्याच्या आधीची तार बिनसंरक्षणाची असते, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. पत्र्यातून जाईल तिथे रबरी बूच. हेडलाइटला दोन्ही बल्ब मिळून डिपरवर नऊ-दहा अँपिअर लागतात, त्याला अडीच चौरस मिलीमीटरची तार घ्या. पाच मीटर अशा तारेत दहा अँपिअरला पाव ते अर्धा व्होल्ट जातो. एकची घेतलीत तर पाऊण-एक जाईल, मग रिले लावून काय मिळवलं?

आणि तार खरी तांब्याची घ्या. हल्ली वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम असली तार सर्रास खपवतात. ब्लेडनं एक तंतू खरवडा, आत पांढरा निघाला तर परत करा. पुण्याला येणार असाल तर नाना पेठेत दोन-चार दुकानं फिरा, तोलून बघितली तरी कळतं. खोटी तार हाताला हलकी लागते.

सुभेदार_निवृत्त · शनिवार, सकाळी ८.३०

सहमत. माझ्याकडून जोडाचं. तारेला डाख देऊन जोड करू नका. डाख तारेत वर चढते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि गाडीच्या थरथरीनं नेमका डाखेच्या कडेला तुटतो. थिंबल (तारेच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) त्यासाठीच्या चांगल्या पकडीनं दाबायचं, वरून आकसणारी नळी. तशी पकड नसेल तर उसनी आणा, साध्या पक्कडीनं चेपू नका.

आणि अर्थ, अर्थ, अर्थ, म्हणजे निगेटिव्हचा गाडीच्या लोखंडाशी जोड. दिवा मंद, काटा नाचतो, इंडिकेटर लावला की टेल लाइट लुकलुकते, दहातल्या सात तक्रारी अर्थच्या. या गाड्यांवर रंगाचे इतके थर असतात, की बोल्ट घट्ट असतो पण लोखंडाला टेकलेलाच नसतो. रंग खरवडा, चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे, थिंबल बसवा, घट्ट करा, मग वरून ग्रीस.

मुग्धा_म · शनिवार, सकाळी ११.१०

एलईडी घेताना एक अवांतर सल्ला. माझ्याकडे हौशी रेडिओचं लायसन्स आहे, गाडीत सेट असतो. एका ट्रेकला मित्राच्या गाडीवरचे स्वस्तातले एलईडी लागले की माझ्या सेटवर नुसती खरखर. त्यातलं करंट सांभाळणारं सर्किट फार वेगानं चालू-बंद होतं आणि त्याला गाळणीच नसते. एफएमसुद्धा मरतं. विकत घेण्याआधी दुकानातच मोबाइलच्या रेडिओजवळ लावून बघा.

आणि रिले पाच पायांचा मिळाला तर ८७ए या पायाला काही जोडू नका. तो रिले बंद असताना चालू असतो. माझ्या भावानं त्यालाच दिवे जोडले. चावी काढली की एलईडी पेटायचे. आईला वाटलं चोर आले.

रानवाटा · सोमवार, रात्री ८.५०

झालं, मंडळी!

काल सुभेदारसाहेब स्वतः आले. सोबत त्यांची जुनी थिंबल दाबायची पकड, पिशवीत गुंडाळून. सकाळी साडेआठला सुरू केलं, संध्याकाळी पाच वाजले. त्यातले तीन तास नुसतं काढण्यात गेले. निघालेल्या तारांची गुंडाळी वजनकाट्यावर ठेवली, पावणेदोन किलो! तिन्ही टॉगल स्विच निघाले, त्यांतले दोन पुसून परत बसवले.

हेडलाइट तारतम्य यांच्या आकृतीप्रमाणे. पहिल्या फटक्यात लागले. बल्बवर आता १३.५. बल्ब तेच जुने, ६०/५५. काल रात्री घाटात जाऊन आलो, कठड्यावरचे पांढरे पट्टे मला इतक्या लांबून कधी दिसलेच नव्हते. बंपरवर ४० वॅटचे दोन एलईडी, पिवळा उजेड, त्यांना वेगळा रिले आणि १५चा फ्यूज, वर काळी झाकणं (वकीलसाहेब, नोंद घ्या). एफएम नीट चालतं.

गाडी उभी असताना मीटर ०.०२.

कॉन्व्हॉय लाइटसाठी साहेबांनी गाडीखाली स्वतः झोपून जुना होल्डर उघडला. आत गंज आणि कोळ्याचं घर. घासून पुसून पाच वॅटचा बल्ब घातला, तार टॉगलवर आणली. अंधार पडल्यावर सगळे दिवे बंद करून फक्त तो लावला. साहेब वीस पावलं मागे जाऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "रंग पिवळा पडलाय, नवा मार."

आबा_उद्यमनगर · सोमवार, रात्री ९.१५

आता मला बी ती पकड पायजे. साहेब, कोल्हापूरला कधी येताय?

वाचनमात्र · सोमवार, रात्री ९.४०

सगळा धागा एका दमात वाचला. पण फोटो अजूनही दिसत नाहीयेत.